पुस्तकात नसलेली मुलगी

३ मार्च

खारू,

लाडाचं नाव तुला आवडणार नाही, पण खरं नाव लिहायला माझा हात धजावत नाही. ते फक्त पाकिटावर आहे, टपालवाल्यापुरतं.

पुस्तक आलं. काल प्रकाशन झालं. तुला प्रत पाठवत नाही, कारण तू मागितलेली नाहीस. तू सांगितलंस तसंच केलंय, एवढंच कळवायला लिहितेय. तुझं नाव नाही, फोटो नाही, 'माझी मुलगी' हे दोन शब्दसुद्धा नाहीत. छपाईला जायच्या आधी मी सगळं पुन्हा एकदा नीट वाचून काढलं. एका ठिकाणी 'दोरीवर वाळणारे छोटे मोजे' असं राहून गेलं होतं. तेही काढून टाकलं.

प्रकाशक काकुळतीला आला होता. "बाई, अहो, वाचक पहिल्यांदा तेच पान शोधणार."

"शोधू देत," म्हटलं. "नाही सापडलं तर नाइलाजाने बाकीचं वाचतील."

अडले ती एकाच ठिकाणी. बाबांना शेवटचं पाहायला लोक नाट्यगृहापाशी जमले होते, त्या पायऱ्यांवरच्या सकाळी. त्या सकाळचा आपल्या दोघींचा फोटो दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला कुणी ना कुणी छापतोच. 'हसवणाऱ्याची रडणारी मुलगी'. शाळेत, कॉलेजात, अगदी पहिल्या नोकरीतही लोक "अगं, तूच का ती!" करत तुझ्या गळ्यात पडायचे. तू एवढ्या लांब का गेलीस, हे मला काही सांगावं लागत नाही. म्हणून मी लिहिलं, 'नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मी एकटी उभी होते.' पुस्तकात एवढं एकच वाक्य खोटं आहे. चालेल ना तुला?

"तुझ्याबद्दल लिहू का?" असं मी विचारलं, तेव्हा तू ज्या तावातावाने उठून गेलीस, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वर म्हणालीस, "फोनवर तुझा आवाज खरा की पाठ केलेला, मला कळत नाही. काही सांगायचंच असेल तर लिही." म्हणून लिहितेय. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आपली पावडर मजेत. रंगपटातलं मेकअपचं काम सुटल्यापासून ती माझ्याकडे मागच्या खोलीत राहते, हे तुला कळवलं होतं का मी? प्रकाशनाला माझा चेहरा तिनेच रंगवला. म्हणाली, "आत्मचरित्र आहे ना? मग थोड्या सुरकुत्या ठेवते."

तुझी
आई


१९ एप्रिल

खारू,

तुझं कार्ड मिळालं. 'मिळालं. ठीक आहे.' एवढंच लिहिलंयस, पण अक्षर अजून तसंच आहे, 'ठ' लुकडा. पावडर म्हणाली, "हिच्यापेक्षा तार करणारे लोक जास्त बोलायचे." मी तिला गप्प केलं.

वाचकांची पत्रं येतायत गं! मला वाटलं होतं, जुन्या नटीचं कोण वाचतंय. पण दौऱ्यावरचं ते प्रकरण लोकांना भलतंच आवडलंय. नेपथ्याचा ट्रक घाटात बंद पडला आणि आम्ही नुसत्या खुर्च्यांवर अख्खं नाटक केलं, ते. एका गृहस्थांनी कळवलंय की ते त्या प्रयोगाला हजर होते, आणि मी लिहिल्यापेक्षा एक खुर्ची जास्त होती. ती त्यांच्याच घरची होती आणि परत आली तेव्हा तिचा पाय मोडका होता. एक नर्स लिहिते, की ती रोज संध्याकाळी वॉर्डात एकेक प्रकरण मोठ्याने वाचते, आणि बरं वाटूनही दोघीजणी 'पुढचं ऐकून जाऊ' म्हणून घरी जायला तयार नाहीत. हे पत्र मी आरशाच्या कडेला अडकवून ठेवलंय.

आता एक गंमत सांगते, रागावू नकोस. तू वारलीस, असं लोकांनी ठरवून टाकलंय.

मागच्या आठवड्यात दारात एक वयस्कर गृहस्थ उभे. हातात पांढरी फुलं. गणिताचे निवृत्त मास्तर. आत आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि रुमाल काढला.

"आपण लिहिलं नाहीत," ते म्हणाले, "पण मी ओळखलं. काही दुःखं शब्दांत मावत नाहीत."

"कसलं दुःख?"

"लेकीचं. फोटोतल्या त्या लेकराचं."

"अहो, ती आहे!"

"असतेच हो. आपल्या मनात ती असतेच."

"तसं नव्हे. ती लांब असते."

"फार लांब," ते म्हणाले, आणि डोळ्यांना रुमाल लावला.

मी पुढे काय बोलणार? तुझ्याबद्दल काही सांगायचं नाही, हा आपला करार. तो पुस्तकापुरता होता की बोलण्यापुरताही, हे मी तुला विचारायला विसरले. म्हणून मी दोन्हीकडे पाळते. पावडर आतून चहा घेऊन आली. मास्तरांचा चेहरा बघून तीही गंभीर झाली. ते गेल्यावर विचारते, "कोण गेलं?"

फुलं टेबलावर ठेवलीयत. छान टिकलीयत.

आई


२ जून

खारू,

मी बरी आहे. गुडघा सोडला तर सगळं ठीक.

इथल्या वाचनालयाने 'लेखिका आपल्या भेटीला' असा कार्यक्रम ठेवला होता. लेखिका म्हणजे मी! खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे होते. वाचून दाखवलं, हशा मिळाला. अजून मिळतो गं. मग प्रश्नोत्तरं झाली. मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. माझ्यापेक्षा लहान, कडक इस्त्रीचे कपडे, पुस्तकात जागोजागी कागदाच्या खुणा घातलेल्या.

"तुम्ही आयुष्यभर आईच्या भूमिका केल्यात," त्या म्हणाल्या. "मालिकेतल्या त्या आईकडे बघून आम्ही संसार केले. आणि स्वतःच्या मुलीला तुमच्या पुस्तकात एक ओळ नाही?"

मी म्हटलं, "पुढचा प्रश्न."

"नाही, थांबा. 'पायऱ्यांवर मी एकटी उभी होते,' असं लिहिलंय तुम्ही. तो फोटो आम्ही सगळ्यांनी बघितलाय. ती पोर तुमचा हात धरून उभी आहे. तिला पुसून टाकलंत? स्वतःच्या पोरीला?"

एवढ्या वर्षांत मी कधी वाक्य विसरले नाही. त्या दिवशी विसरले. म्हणजे वाक्य होतं, पण ते बोलायचं नव्हतं. मग मी पुन्हा 'पुढचा प्रश्न' म्हटलं. पुढचा प्रश्न कुणाकडेच नव्हता.

प्रकाशक गाडीत म्हणाला, "बाई, एका ओळीचा खुलासा करा. 'मुलीच्या इच्छेवरून.' बस्स. विषय संपेल."

"आणि मग तिला शोधत लोक जातील," मी म्हटलं. "तिथे कुणाला ठाऊक नाही ती कुणाची कोण ते. तिला तिथे निवांत राहू दे."

एका वर्तमानपत्रात परीक्षण आलंय. भाषा बरी आहे त्याची. कात्रण पाठवत नाही, उगाच टपालाचं वजन.

तुझ्याकडे थंडी कमी झाली का? मफलर वापरतेस ना?

आई


२१ जून

खारू,

मागच्या पत्रात 'बरी आहे' असं लिहिलं होतं. तेवढं काही खरं नव्हतं.

औषधाच्या दुकानातला तो मुलगा, म्हणजे आता टक्कल पडलंय त्याला, तो मालिकेपासून मला 'आई' म्हणायचा. "आई, गोळ्या वेळेवर घ्या हं." काल म्हणाला, "मॅडम, सुट्टे आहेत का?" एवढंच. वाईट काहीच बोलला नाही. मी गोळ्या घेऊन बाहेर आले आणि दुकानाच्या पायरीवर उगाचच उभी राहिले.

बाळांच्या साबणाच्या जाहिरातीत आजी व्हायचं काम ठरलं होतं, ते गेलं. 'सध्या वातावरण बरोबर नाही' असा निरोप आला. पावडर म्हणाली, "बरं झालं, तो साबण डोळ्यांना झोंबतो." पण दिवसभर ती भांडी आपटत होती.

पत्रं अजून येतात. वाचत नाही मी. पावडर आधी फोडते, चाळते आणि त्यातली काही मला देत नाही. त्या नर्सचं दुसरं पत्र आलं का, असं मी रोज विचारते. आलेलं नाही.

हे तुला कळवायचं नव्हतं. तू काही करावंस म्हणून लिहीत नाहीये, शपथेवर सांगते. तू नको म्हणालीस, मी हो म्हटलं, त्यात मला कसलाही पस्तावा नाही. आज पुन्हा लिहायला बसले तरी असंच लिहीन. फक्त कुणाला तरी सांगावंसं वाटलं की मला वाईट वाटतंय. आणि ज्यांना सांगावं अशा माणसांत पावडर सोडली तर तूच आहेस.

उत्तर नको.

आई


९ जुलै

खारू, खारू, खारू,

आज सकाळी पावडर पेपर घेऊन माझ्या खोलीत आली. चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा पांढराफटक. "बस," म्हणाली. मी बसलेलीच होते. "मग उठू नकोस," म्हणाली, आणि तिने वाचायला सुरुवात केली. मी ते नंतर स्वतः इतक्यांदा वाचलंय की आता पाठ आहे. तूच लिहिलंयस, तरी पुन्हा लिहून काढते, मला बरं वाटतं म्हणून.

'संपादक महोदय, माझ्या आईच्या पुस्तकात मी नाही, याबद्दल तुमच्या पेपरात बरंच छापून आलं. फोटोतली ती मुलगी मीच. मी जिवंत आहे, माझी तब्येत उत्तम आहे आणि मला कुणीही टाकलेलं नाही. पुस्तकात मी नसावं, ही माझी अट होती. तो फोटो छापताना मला कुणी विचारलं नव्हतं. आईने विचारलं. मी नाही म्हटलं आणि तिने ते ऐकलं. त्यापायी तिला काय काय सोसावं लागलं, ते तिने मला निम्मंच कळवलं. "पायऱ्यांवर मी एकटी उभी होते," हे वाक्य खोटं आहे, असं तुमचे परीक्षक म्हणतात. ते तिने माझ्यासाठी लिहिलंय. कात्रणात ते वाचलं, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या पायऱ्या उतरून खाली आल्यासारखं मला वाटलं. तो फोटो आता कृपा करून छापू नका.'

खाली सही, तुझं पूर्ण नाव. जे नाव मी पाकीट सोडून कुठेच लिहीत नव्हते, ते तू चारचौघांत ठसठशीत लिहून टाकलंस.

मी खरंच उठले नाही. पावडर रडत होती, आणि रडता रडता तिने कबूल केलं की कात्रण तिनेच तुला पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी टाकून: 'तुझी आई मूर्ख आहे. जेवत नाही.' मी तिला ओरडणार होते, पण तेवढ्यात लक्षात आलं की मला भूक लागलीय. सपाटून. पाव, अंडी, होतं नव्हतं ते सगळं आम्ही खाल्लं, आणि वर दुपारी पुन्हा जेवलो.

जीव भांड्यात पडला, असं आपण म्हणतो ना? माझा नुसता पडला नाही, वर झाकण ठेवून निवांत झोपला.

पण तू ठीक आहेस ना? तिथे कुणी त्रास तर दिला नाही? खरं सांग.

आई


१२ ऑगस्ट

खारू,

तू सगळं सांगितल्यावर तुझ्या ऑफिसातल्या लोकांनी फक्त 'अरे वा' म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले, हे वाचून मी किती हसले! म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या ओळखीला घाबरलो, ती एवढीशी होती. तू पुढे लिहिलंयस, 'जरा अपमानच वाटला.' नटाची मुलगी शेवटी.

इथलं ऐक. गणिताचे मास्तर पुन्हा आले. या वेळी पिवळी फुलं.

"मी माझं सांत्वन परत घ्यायला आलोय," म्हणाले.

"घ्या की," म्हटलं, "फारसं वापरलेलं नाही."

खूप वेळ बसले. पुस्तकातल्या सालांचा मेळ कुठे कुठे बसत नाही, ते त्यांनी शोधून ठेवलंय. एका हिशेबाने मी जन्मायच्या आधी रंगमंचावर आले म्हणे.

वाचनालयातल्या त्या बाईही आल्या. दारातच म्हणाल्या, "मला काय बोलावं सुचत नाहीये." मी म्हटलं, "पुढचा प्रश्न." आधी त्या दचकल्या, मग हसल्या. त्यांना एक मुलगा आहे. दोन-तीन वर्षं फोन करत नाही. पुस्तकात त्या स्वतःसाठीच काहीतरी शोधत होत्या गं. मी कसं मिटवलं, कसं बोलले, अशी एखादी युक्ती. आणि तिथे कोरं पान. म्हणून चिडल्या. "त्याने काही मागितलंय का तुमच्याकडे?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "हो. पण ते मला क्षुल्लक वाटलं होतं."

नर्सचं पत्र आलं. बदली झाली होती तिची, म्हणून उशीर. बाकी काही नव्हतं. नव्या वॉर्डात पुन्हा पहिल्यापासून वाचतेय.

आणि औषधवाल्याने "आई" म्हणून हाक मारली, पार रस्त्याच्या पलीकडून.

प्रकाशक मात्र उड्या मारतोय. दुसऱ्या आवृत्तीत तुझ्यावर एक प्रकरण हवंय त्याला. 'आता तर मुलगी स्वतःच बोललीय!' तू लिहिलंयस, 'हवं तर लिही, माझी हरकत नाही.' ते वाक्य मी जपून ठेवलंय, पण प्रकरण लिहिणार नाही. आधी तुला नको होतं म्हणून नाही लिहिलं. आता मला नकोय म्हणून. सगळं लोकांना देऊन टाकलं तर माझ्यापाशी काय उरेल?

सुट्टी मंजूर झाली की कळव. मागची खोली पावडर तुला द्यायला तयार आहे, पण तिचा रंगपेटीवाला पेटारा हलवायचा नाही, अशी अट आहे.

आई


२५ ऑक्टोबर

खारू,

पोचल्याचा निरोप मिळाला. घर एकदम मोठं वाटतंय.

तू पुस्तक वाचायला घेतलंस ती दुपार मला विसरता येणार नाही. तू बाहेर खिडकीपाशी, मी स्वयंपाकघरात. डबे पुसत होते, आधीच पुसलेले. कान मात्र तुझ्याकडे. कुठे हसतेस, कुठे पान उलटायला वेळ लावतेस. पहिल्या प्रयोगाला पडदा उघडला, तेव्हासुद्धा माझी अशी पाचावर धारण बसली नव्हती. ट्रकच्या प्रकरणाला तू मोठ्याने हसलीस आणि मी एक डबा पाडला.

मग सगळं शांत. आणि तू पानात बोट घालून आत आलीस.

"हे पायऱ्यांचं वाक्य चांगलंय. राहू दे."

"खोटं आहे गं."

"असू दे. तो फोटो तरी कुठे खरा आहे?"

मला काही कळलं नाही. तू ओट्याला टेकून उभी राहिलीस. नऊ वर्षांची असताना रुसलीस की उभी राहायचीस, अगदी तशीच.

"मी बाबांसाठी रडत नव्हते," तू म्हणालीस. "तू माझा हात एवढा घट्ट धरला होतास की तुझी अंगठी माझ्या बोटात रुतत होती. दुखत होतं, म्हणून रडले. आणि तेवढ्यात फोटो निघाला. सगळे म्हणायला लागले, केवढं प्रेम बापावर! वर्गात बाईंनी तो भिंतीवर लावला. मला वाटायचं, आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येईल की हे खोटं आहे. बाबांसाठी मी नंतर रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. ते कुणी पाहिलं नाही."

एवढ्यासाठी! एवढ्यासाठी माझं लेकरू देश सोडून गेलं, आणि मला वाटत होतं, तुला आमच्या धंद्याचीच शिसारी आली.

मी तुला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "अगं, मी त्या वेळी बाबांचा विचार करत होते असं वाटतं का तुला? मी चपलांचा करत होते!"

"कसल्या चपला?"

"घाईत निघाले तेव्हा पायात दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या. एक माझी सपाट, एक पावडरची उंच टाचेची. सगळी दुनिया बघतेय आणि मी तिरकी उभी! पडू नये म्हणून तर तुझा हात आवळून धरला होता."

मग तुझा ओठ थरथरला. मला वाटलं, रडतेस. पण तू हसायला लागलीस, अशी की तुला धरायला ओटा पुरेना. मीही हसले. हसता हसता दोघींना रडूही आलं आणि मग कोण कशासाठी रडतंय ते विचारण्यात अर्थ राहिला नाही. बाबा असते तर म्हणाले असते, माझ्या अख्ख्या कारकिर्दीत असा हशा मिळाला नाही, आणि तोही माझ्याच मरणावर.

पावडर आवाजाने घाबरून आली. तिला वाटलं, पुन्हा भांडण जुंपलं. तू तिला सगळं सांगितलंस. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती चप्पल मला अजून परत मिळालेली नाही."

यातलं अक्षरही कुणाला सांगितलेलं नाही. प्रकाशकाचा काल पुन्हा फोन आला होता, "भेट कशी झाली, बाई? दोन ओळी तरी द्या." छान झाली, म्हटलं, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी हसून दमल्यावर तू माझ्याच पलंगावर आडवी झालीस आणि क्षणात झोपलीस. मी शेजारी बसून होते. दुपारचं ऊन तुझ्या पायांवर आलं तसा पडदा ओढला. तू घोरतेस गं. अगदी बाबांसारखी, शेवटी बारीक शिट्टी वाजवत.

हे मी कुठेही लिहिणार नाही.

आई